हजेरीपटाचा पुरावा

बारावीचे निकाल लागले की मुंबई उपनगर जिल्ह्यातल्या तहसील कार्यालयांत गर्दी वाढू लागते. या जिल्ह्याला तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. घाटकोपर, मुलुंड हे कुर्ला तालुक्यात मोडतात आणि कुर्ल्याचे तहसील कार्यालय आहे मुलुंडला. असल्फ्याच्या डोंगरावर राहणारी मुलगी आपल्या कागदासाठी घाटकोपरहून लोकल पकडून तिथे येते. हातात प्लास्टिकची पिशवी. तीत रेशनकार्ड, लाइट बिले, भाडेकरार, शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. शेजारी खाडा करून आलेली आई. अर्ज 'आपले सरकार' संकेतस्थळावर भरता येतो हे खरे. पण अर्जात त्रुटी निघाली की पाय पुन्हा सेतू केंद्राकडे किंवा तहसीलकडेच वळतात. ती ज्या कागदासाठी आलेली असते त्याला सगळे 'डोमिसाईल' म्हणतात. त्याचे पूर्ण नाव आहे 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र'.

या एका कागदावर किती गोष्टी टेकलेल्या आहेत! शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या पंच्याऐंशी टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात. त्या कोट्यात उभे राहायचे तर हा दाखला लागतो. खुल्या गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने जी शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळते, तिलाही महाराष्ट्राचा अधिवास हवा. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क माफ झाले. घरकाम करणाऱ्या आईची मुलगी अभियंता होऊ शकेल, अशी ही तरतूद आहे. आणि नेमक्या त्याच मुलीची पिशवी रांगेतल्या इतर पिशव्यांपेक्षा हलकी असते.

राज्याने आपल्या रहिवाशांच्या मुलांना प्रवेशात आणि शुल्कात प्राधान्य द्यावे, हे मला योग्य वाटते. महाविद्यालये राज्याच्या पैशातून उभी राहिली आहेत, आणि इथे वाढलेला डॉक्टर इथल्या रुग्णालयात टिकण्याची शक्यता अधिक असते. सर्वोच्च न्यायालयानेही १९५५ मध्ये, इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या जादा शुल्काच्या प्रकरणात, बहुमताने हा भेद मान्य केला. संविधानाचे पंधरावे कलम जन्मस्थानावरून भेद करायला मनाई करते. रहिवास ही वेगळी गोष्ट आहे, असे न्यायालयाने म्हटले. २९ जानेवारी २०२५ रोजी पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतले रहिवासावर आधारलेले आरक्षण त्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. पदवीच्या पातळीवर मात्र हे प्राधान्य टिकून आहे, आणि ते टिकावे. माझा आक्षेप प्राधान्याला नाही. रहिवास सिद्ध करण्याचे ओझे सतरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर का, हा माझा प्रश्न आहे. जे सिद्ध करायला तिला सांगितले जाते, ते राज्याच्याच दप्तरात दहा-बारा वर्षे रोज नोंदले गेलेले आहे.

दाखल्याच्या नावातला पहिला शब्द 'वय'. त्याचा निकाल जन्मदाखल्याने किंवा शाळेच्या दाखल्याने लागतो. अवघड वाट 'राष्ट्रीयत्व' या शब्दापासून सुरू होते.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक आहे. त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आई-वडिलांपैकी एक नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली: दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. आज बारावी होणारी मुले २००७-०८ च्या आसपास जन्मलेली. म्हणजे कायद्याच्या काटेकोर भाषेत त्यांचे नागरिकत्व त्यांच्या स्वतःच्या जन्मदाखल्याने सिद्ध होत नाही. आई-वडिलांचे सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी कदाचित आजी-आजोबांपर्यंत मागे जावे लागते. आधार कार्ड इथे उपयोगी नाही. आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, असे आधार कायद्याच्या नवव्या कलमातच लिहिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे एवढ्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या सुधारित कायद्याने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळा-कॉलेजच्या प्रवेशात जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थानाचा एकमेव पुरावा मानला आहे. पण ती मुले कॉलेजात पोहोचतील २०४१ च्या सुमारास.

मग तहसील कार्यालयात आणि प्रवेशाच्या खिडकीवर राष्ट्रीयत्व ठरते कशावरून? बहुतेक वेळा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून. त्यावर एक रकाना असतो: राष्ट्रीयत्व. त्यात 'भारतीय' असे लिहिलेले असते. ही नोंद पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी शाळेच्या कारकुनाने, पालकाने सांगितले त्यावरून, जनरल रजिस्टरमध्ये केलेली असते. इतक्या गंभीर शब्दाचा आधार प्रत्यक्षात एवढाच आहे. तो कमी आहे असे मला म्हणायचे नाही. कुटुंबाने शाळेत येऊन 'आम्ही इथले' असे सांगणे आणि शाळेने ते लिहून घेणे, याला मी मोल देतो. पण व्यवहारात आपण शाळेच्याच शब्दावर विश्वास ठेवणार असू, तर मधल्या रांगा कशासाठी? आणि एखाद्याच्या नागरिकत्वाविषयी खरीच शंका असेल, तर ती तपासायला कायद्याने वेगळे मार्ग आखून दिले आहेत. प्रवेशाच्या ऐन हंगामात शेकडो अर्ज पुढ्यात असलेल्या तहसीलदाराने तो न्याय करावा, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे.

तिसरा शब्द 'अधिवास'. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी या शब्दाची नीट फोड केली. भारतात प्रत्येक राज्याचा वेगळा अधिवास नसतो. अधिवास एकच, तो भारताचा. राज्ये ज्याला अधिवास म्हणतात तो खरे तर रहिवास असतो, आणि राज्यांच्या संदर्भात हा शब्द वापरणे देशाच्या एकतेच्या दृष्टीने धोक्याचे आहे, असे त्या निकालात सांगितले आहे. चाळीस वर्षे उलटून गेली, तरी आपल्या दाखल्यावर तोच शब्द छापलेला आहे. हा काथ्याकूट वाटेल, पण शब्दाबरोबर त्याचे कायदेशीर सामानही येते. कायद्यात अधिवास म्हणजे एखाद्या ठिकाणी कायम राहण्याचा इरादा. शिवाय १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या चौकटीत अल्पवयीन मुलाला स्वतःचा अधिवास नसतो; तो पालकाच्या, सर्वसाधारणपणे वडिलांच्या, मागे चालतो. नवऱ्याने टाकलेली बाई चार घरची भांडी घासून मुलीला बारावीपर्यंत आणते, आणि कार्यालयात पहिला प्रश्न येतो: वडिलांचे कागद कुठे आहेत? रहिवास म्हटले असते, तर मुलगी स्वतः कुठे राहिली आणि कुठे शिकली एवढेच पाहिले गेले असते.

आणि हा रहिवास सलग दाखवायचा असतो. उपनगरातल्या भाडेकरूच्या आयुष्यात सलग असते काय? करार अकरा महिन्यांचा. मालक बदलला की जोगेश्वरीहून मालाड, भाडे वाढले की मालाडहून नालासोपारा. दहिसरचा नाका ओलांडला की जिल्हा बदलतो, मुलुंडचा नाका ओलांडला तरी बदलतो. लाइट बिल मालकाच्या नावावर. अनेक घरमालक करार नोंदवायलाच राजी नसतात, कारण नोंदवला तर कर आणि हक्क दोन्ही आले. इमारत पुनर्विकासाला गेली की संक्रमण शिबिराचा पत्ता. झोपडपट्टीत १ जानेवारी २००० या तारखेपूर्वीचा पुरावा असला तर झोपडीला संरक्षण मिळते, त्यामुळे तिथली कुटुंबे कागद जिवापाड जपतात. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि मिठीच्या काठच्या कितीतरी घरांत भांड्यांबरोबर ट्रंकेतले कागदही गेले. आज प्रवेश घेणाऱ्या मुलांचे आई-बाप त्या पाण्यातून निघालेले आहेत.

माणूस जागचा हलला नाही तरी इथे पत्ता हलतो. मुलुंडमधले एखादे जुने घर घ्या. १९५७ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते, मग बृहन्मुंबईत आले, १ मे १९६० ला मुंबई राज्यातून महाराष्ट्रात आले, आणि १ ऑक्टोबर १९९० ला मुंबई उपनगर जिल्ह्यात. राखीव प्रवर्गातल्या मुलाला हा इतिहास तोंडपाठ करावा लागतो, कारण जातीच्या दाखल्यासाठी मानीव दिनांक पाहिला जातो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी आजोबा-पणजोबा कुठे राहत होते हे दाखवायचे. ज्यांच्या पूर्वजांना जमीन मिळू दिली नाही, शाळेत बसू दिले नाही, त्यांच्याकडेच जमिनीचा उतारा आणि शाळेची नोंद मागितली जाते. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला एक खटला मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाचाच होता. आंध्रातून आलेल्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबातला मुलगा. वडील चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्समध्ये जमातीच्याच कोट्यातून नोकरीला लागलेले. मुलगा लहानपणापासून मुंबईत वाढला, तरी महाराष्ट्रात त्याला ती सवलत लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्यामागे कायद्याचे कारण आहे: जातीजमातींच्या याद्या राज्यवार आहेत. पण एका मुलाचे आयुष्य दोन राज्यांच्या याद्यांमधल्या फटीत कसे पडते, ते या खटल्यात दिसते.

आता एक अगदी घरगुती गोष्ट. अभियांत्रिकीच्या प्रवेशनियमांत 'अ' प्रकारच्या उमेदवाराने दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण केलेली असावी लागते. शिवाय त्याचा जन्म महाराष्ट्रातला असावा किंवा त्याच्याकडे अधिवासाचा दाखला असावा. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. बोरिवलीच्या सुनेचे माहेर बेळगावचे, बडोद्याचे किंवा इंदूरचे असेल, तर बाळ तिथे जन्मते, सव्वा महिन्याने बोरिवलीला येते आणि पुढची सतरा वर्षे इथेच वाढते. त्या मुलीच्याच बाकावर बसणारी मैत्रीण घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात जन्मली. दोघी एकाच शाळेत शिकल्या, एकाच केंद्रावर परीक्षा दिली. एकीला शाळेच्या दाखल्यावरचे जन्मस्थान पुरते, दुसरीला तहसीलची पायरी चढावी लागते. आईने कुठे बाळंत व्हावे, यावर लेकीच्या प्रवेशाचा कागद ठरावा? पोटापाण्यासाठी जौनपूरहून किंवा कलबुर्गीहून आलेल्या कुटुंबाच्या मुलीबाबतही हाच प्रश्न आहे. ती चार वर्षांची असताना इथे आली आणि तिचे सगळे शिक्षण इथे झाले.

यावर 'नियम म्हणजे नियम' असे उत्तर मिळते. पण राज्याने मनात आणले की नियम माणसाच्या मापाचा होतो, हे आपण पाहिले आहे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि अधिवासाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयांत झुंबड उडाली. काही दिवसांतच सरकारने अट सैल केली: दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला यांपैकी एक चालेल, परराज्यात जन्मलेल्या सुनेला नवऱ्याचे कागद चालतील. हा निर्णय योग्य होता. दरमहा दीड हजार रुपयांसाठी जो विश्वास आईवर ठेवला, तो कॉलेजच्या प्रवेशासाठी लेकीवर का ठेवू नये? सीमाभागाचेही असेच. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, तिथल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या प्रवेशनियमांत स्वतंत्र प्रकार आहे. ती मुले आज कर्नाटकात राहतात. तरी राज्याने त्यांना आपले मानले, आणि मराठी माणूस म्हणून मला त्याचा अभिमान आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलून आलेल्यांच्या मुलांसाठीही वेगळा प्रकार आहे. म्हणजे आपलेपणा ओळखण्याच्या वाटा राज्याला ठाऊक आहेत. अंधेरीत बारा वर्षे रिक्षा चालवणाऱ्याच्या मुलीसाठी त्यांतली एक उघडावी, एवढेच मागणे आहे.

ती वाट शाळेतून जाते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर काय नसते? नाव, आईचे नाव, राष्ट्रीयत्व, मातृभाषा, जन्मतारीख, जन्मस्थान, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख. २०१५ पासून शालेय शिक्षण विभागाच्या 'सरल' प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद होते. आज बारावी झालेली मुले तेव्हा प्राथमिक वर्गात होती. दहावी-बारावीचे निकाल राज्य मंडळाकडे आहेत. हे सगळे राज्याचेच दप्तर आहे. तेव्हा नियम असा असावा: ज्या मुलाने महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त शाळांत दहा वर्षे शिक्षण घेतले आणि दहावी-बारावी इथून केली, त्याचा रहिवास सिद्ध झाला असे मानावे. शिक्षण विभागाने ती नोंद प्रवेश परीक्षा कक्षाकडे आणि शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी संकेतस्थळाकडे थेट पाठवावी. मुलाने अर्जात फक्त संमतीची खूण करावी. ज्यांची नोंद तुटक आहे त्यांच्यासाठी पर्यायी पुराव्यांची मोकळी यादी असावी आणि आईचे कागद वडिलांच्या कागदांइतकेच धरावेत. दाखला लागतच असेल, तर तो नववीत, शाळेत शिबिर भरवून द्यावा. महाराजस्व अभियानात अशी शिबिरे भरवली गेली आहेत. आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे ठरलेल्या मुदतीत निर्णय झाला नाही, तर त्या विलंबापायी मुलाची जागा जाऊ नये. कायद्यात अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे, पण दंड झाला म्हणून हुकलेली प्रवेश फेरी परत येत नाही.

खोट्या कागदांची भीती मी हलकी मानत नाही. उशिराच्या जन्मनोंदींबाबत आरोप झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारला ती प्रमाणपत्रे देण्याचे काम थांबवावे लागले. पण त्यातून धडा कोणता घ्यायचा? एक शपथपत्र आणि एक सही यांवर उभा असलेला कागद एका दिवसात बनवता येतो. दहा वर्षांचा हजेरीपट, दर वर्षीचा निकाल, शिक्षकांच्या सह्या, पटपडताळणी हे सगळे मागे जाऊन बनवणे फार कठीण. फसवणूक रोखायची असेल, तर हजेरीपट हाच अधिक भक्कम पुरावा आहे. आजच्या पद्धतीत एजंटला पैसे मोजणाऱ्याचा कागद सुटतो आणि प्रामाणिक माणसाचा अडतो.

दुसरी भीती जागांची: बाहेरचे येतील, आपल्या मुलांच्या जागा जातील. या भीतीमागे खरे दुःख आहे. गिरण्या गेल्या, लालबाग-परळचा मराठी माणूस उपनगरांत आला, तिथूनही पुढे ढकलला गेला. पण इथल्या शाळेत दहा वर्षे मराठी विषय शिकलेले मूल बाहेरचे कसे? आणि पुराव्याचा फास आवळला की तो आधी आपल्यातल्याच गरिबाच्या गळ्याला लागतो: नालासोपाऱ्याला गेलेल्या गिरणी कामगाराच्या नातवाला, माहेरी जन्मलेल्या लेकीला, टाकलेल्या बाईच्या मुलाला. पैसेवाल्याचे कागद कायम नीट असतात, मग तो कुठूनही आलेला असो.

कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये कायदा केला: राज्यातल्या हायस्कुलात तीन वर्षे शिकून जो उत्तीर्ण झाला, त्याच्याकडे बाहेरच्यांचे जादा शुल्क मागायचे नाही, मग त्याच्या कुटुंबाकडे कायदेशीर वास्तव्याचे कागद असोत वा नसोत. टेक्सासनेही त्याच वर्षी असा कायदा केला. तो जून २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने थांबला. तिथला प्रश्न आपल्यापेक्षा फार वेगळा आहे, त्या मुलांचे नागरिकत्वच नाही. पण त्यातले एक तत्त्व इथेही लागू पडते: ज्या समाजाने मुलाला शाळेत बसवून वाढवले, त्याने कॉलेजच्या दारात त्याला अनोळखी म्हणू नये.

माझ्या सूचनेतही एक कमतरता आहे. नाक्यावरच्या मजुरांची, बांधकामाबरोबर फिरणारी, वीटभट्टीवरून मध्येच परतणारी मुले दहा वर्षे एका राज्याच्या पटावर राहतच नाहीत. त्यांच्यासाठी दहाचा आकडा तीनवर आणावा लागेल, आणि शाळा बदलताना नोंद हरवणार नाही हे राज्याला पाहावे लागेल. त्यांच्यापैकी जे बारावीपर्यंत पोहोचते, त्याने आधीच इतकी अंतरे कापलेली असतात की शेवटचे अंतर राज्याने चालून जावे.

२०२५ च्या मार्चमध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रावरचे पाचशे रुपयांचे मुद्रांक शुल्क माफ केल्याचे जाहीर केले. चांगले झाले, गरीब घरात पाचशे रुपये म्हणजे एका दिवसाची मजुरी. पण ती आई रांगेसाठी जो दिवस मोडते, त्याचीही मजुरी तेवढीच आहे, आणि ती अजून माफ झालेली नाही.

असल्फ्याच्या त्या मुलीने पहिलीपासून रोज सकाळी वर्गात आपले नाव ऐकले आणि 'हजर' म्हटले. पावसात गुडघाभर पाण्यातून येऊन म्हटले, ताप असताना म्हटले, घर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून येऊन म्हटले. बाईंनी प्रत्येक वेळी तिच्या नावापुढे खूण केली. त्या खुणा राज्याच्या शाळाखात्याच्या पटावर आहेत. ती कुठे राहते, हे राज्याने तिला विचारू नये; आपला पट उघडून पाहावे.